उपासना आधी, सुट्टी मागाहून

मालवणच्या समुद्राला वार कळत नाही. त्याला तिथी कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी उशिरा. दांडीपासून देवबागपर्यंतचे जुने मच्छीमार तिथीवरून भरतीची वेळ तोंडी सांगतात. आज मंगळवार आहे की बुधवार, याच्याशी त्या हिशेबाला काही देणेघेणे नसते. सूर्य उगवतो-मावळतो म्हणून दिवस, चंद्र वाढतो-घटतो म्हणून महिना, ऋतू फिरून येतात म्हणून वर्ष. सात दिवसांचा आठवडा मात्र आकाशात कुठेच दिसत नाही. तो माणसांनी ठरवला, एकमेकांना शिकवला आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला.

तरी या किनाऱ्यावर वाराची सत्ता तिथीपेक्षा कमी नाही. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, म्हणून बऱ्याच घरांत त्या दिवशी चूल मासळीविना पेटते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार. रविवारी बाजारात सुरमईचा भाव का चढतो, याचे निम्मे उत्तर देवांच्या या वाटणीत आहे. त्याच रविवारी सकाळी मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळ इथली ख्रिस्ती कुटुंबे मिस्साला जातात. शनिवारी रात्री समुद्रावर गेलेला गडी पहाटे परतून, अंगाचा खारट वास घालवून चर्चच्या बाकावर येऊन बसतो. समुद्र त्याला वाराची सवलत देत नाही आणि रविवारही चुकवायचा नसतो.

हा रविवार आला कुठून? दोन समज पक्के रुजलेले आहेत. एक असा, की रविवार हा मुळात सूर्यपूजेचा दिवस आणि रोमच्या एका बादशहाने तो ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात बांधला. दुसरा असा, की रविवार पाळा अशी देवाची आज्ञाच बायबलमध्ये लिहिलेली आहे. दुसरा समज ख्रिस्ती घरांतही आढळतो. दहा आज्ञांमधली आज्ञा सातव्या दिवसाची, म्हणजे शनिवारची आहे. आणि बादशहाने फर्मान काढले तेव्हा रविवारी जमणाऱ्यांना जमून दोनशेहून अधिक वर्षे उलटली होती. खरी गोष्ट अशी, की उपासनेचा रविवार आणि सुट्टीचा रविवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे जन्म वेगळ्या काळात झाले, वेगळ्या माणसांच्या हातून झाले, आणि आपण त्या एकच समजत आलो.

सुरुवात शनिवारपासून करावी लागते. ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो आणि शनिवारी सूर्य बुडाला की सुटतो. त्या काळात काम नाही, चूल पेटवणे नाही, लांबचा प्रवास नाही. कोकणाला हे परके नाही. अलिबागजवळ नौगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असे ज्यांची परंपरा सांगते, ते बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे कुलाबा भागात तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. धंदा एक, घाणा एक, बोली एक; फरक विसाव्याच्या वाराचा. कोणत्या दिवशी तुमचे हात थांबतात यावरून तुम्ही कोण ते गावाला कळायचे. पहिल्या-दुसऱ्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठावर जे घडले ते समजायला हे उदाहरण पुरते.

येशू ज्यू होता, त्याचे शिष्य ज्यू होते, आणि सगळे शब्बाथ पाळत. चारही शुभवर्तमाने सांगतात की वल्हांडणाच्या सणाच्या दिवसांत, शुक्रवारी, त्याला क्रुसावर दिले गेले. संध्याकाळ होत आली होती, शब्बाथ लागणार होता, म्हणून दफन घाईत उरकले. शरीराला लावायची सुगंधी द्रव्ये घेऊन बायका लगेच परत जाऊ शकल्या नाहीत, कारण मधे विसाव्याचा दिवस आला. तो संपल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी भल्या पहाटे मरीया मग्दालिया आणि इतर जणी कबरीपाशी गेल्या आणि कबर रिकामी दिसली. म्हणजे रविवार या कथेत आला तो शनिवार पाळल्यामुळेच. पुढे त्याच दिवशी संध्याकाळी अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांना येशू भाकर मोडताना ओळखू आला, असे लूक सांगतो. योहानाच्या कथेत तो शिष्यांना त्याच संध्याकाळी आणि पुन्हा आठ दिवसांनी भेटतो. दुसऱ्या वेळी संशयी थोमा हजर असतो. पुनरुत्थान, जेवण आणि आठवड्याचा पहिला दिवस ही तीन सूत्रे इथेच एकमेकांत गुंफली गेली.

त्यानंतरचे पुरावे थोडे आणि तुटक आहेत. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, की यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवावी. यात सभेचा उल्लेख नाही. पण पैसे बाजूला काढायला नेमका हाच दिवस का, हा प्रश्न उरतोच. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्रोवस गावची हकिकत अधिक स्पष्ट आहे. पहिल्या दिवशी मंडळी भाकर मोडायला माडीवर जमली. पौल दुसऱ्या दिवशी निघणार होता, म्हणून मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला डुलकी लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (लांबलेल्या प्रवचनात झोपलेला हा बहुधा पहिला नोंदलेला ख्रिस्ती श्रोता. तो वाचला, हे त्याचे भाग्य.) ही सभा रात्री होती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्यू गणनेने शनिवारी दिवेलागणीलाच पहिला दिवस सुरू होतो, तेव्हा ती आजच्या हिशेबाने शनिवारची रात्र असेल किंवा रविवारची. अभ्यासकांचे यावर एकमत नाही. रात्रच का, याचे कारण साधे आहे. दिवसा सगळे कामावर होते. पहिला दिवस हा कामाचाच दिवस होता, कुणालाच सुट्टी नव्हती, आणि मंडळीत गुलाम होते, हमाल होते, कारागीर होते.

सन ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. त्याने पकडलेल्या ख्रिस्ती लोकांची चौकशी केली होती आणि दोन गुलाम स्त्रियांचा छळ करून माहिती काढली होती; या दोघी मंडळीत सेविकेचे पद सांभाळत. चौकशीतून कळले ते असे, की ही माणसे एका ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, पांगतात आणि नंतर साधे जेवण घेण्यासाठी पुन्हा एकत्र येतात. दिवस कोणता ते प्लिनी लिहीत नाही. पण उजाडण्याआधी जमून उजाडल्यावर कामाला जायचे, ही रीत कष्टकऱ्यांची आहे. मंडळांवर बंदी आल्यावर हे एकत्र जेवण थांबले, असेही त्याच पत्रात आहे. संध्याकाळच्या भोजनाचा विधी हळूहळू पहाटेकडे का सरकला असावा, याचा एक धागा इथे सापडतो.

त्याच सुमारास अंत्युखियाचा इग्नेशियस लिहितो, की ख्रिस्ती माणसे आता शब्बाथप्रमाणे नव्हे तर प्रभूच्या दिवसाप्रमाणे जगतात. मग येतो जस्टिन. हा मूळचा पॅलेस्टाइनमधल्या नियापोलिसचा, ग्रीक तत्त्वज्ञान शिकलेला आणि रोममध्ये शाळा चालवणारा माणूस. सन १५५ च्या आसपास त्याने सम्राट अँटोनायनस पायसला उद्देशून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारे निवेदन लिहिले. त्यात रविवारच्या सभेचे पहिले सविस्तर वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात. वेळ असेल तितका काळ प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची पुस्तके वाचली जातात. मग प्रमुख प्रवचन करतो. सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणला जातो, प्रमुख आभार मानतो, लोक आमेन म्हणतात आणि प्रसाद वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक तो पोचवतात. ऐपतीप्रमाणे दिलेले पैसे प्रमुखाकडे जमा होतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांची सोय होते.

सावंतवाडीच्या किंवा मालवणच्या चर्चमध्ये येत्या रविवारी जो बसेल त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. वाचने, प्रवचन, विश्वासूंच्या प्रार्थना, अर्पण, ख्रिस्तप्रसाद, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरी नेऊन दिलेला प्रसाद. एकोणीसशे वर्षांत भाषा बदलल्या, वेश बदलले, सांगाडा तोच राहिला. मला या सगळ्या इतिहासात हीच बाब सर्वांत थक्क करणारी वाटते. जस्टिनने दिवस निवडण्याची कारणेही दिली आहेत. याच दिवशी देवाने अंधार आणि जडद्रव्य पालटून जग घडवले आणि याच दिवशी येशू मेलेल्यांतून उठला. विसाव्याचा त्यात शब्दही नाही.

मग शनिवारचे काय झाले? सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. सन १३२ ते १३५ या काळात बार कोखबाचे बंड झाले, ते चिरडल्यावर सम्राट हेड्रियनने ज्यूंना यरुशलेमची बंदी केली. ज्यूंवर वेगळा कर होता. अशा वेळी आपण ज्यू नाही हे दाखवण्यासाठी रोममधल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी शनिवार सोडून रविवार धरला, असा सिद्धान्त सॅम्युएले बाकियोकी या अभ्यासकाने १९७७ साली मांडला. तो स्वतः शनिवार पाळणाऱ्या सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा होता आणि त्याने संशोधन केले ते रोमच्या कॅथोलिक ग्रेगोरियन विद्यापीठात, ही त्यातली गंमत. स्वित्झर्लंडचा विली रॉर्डोर्फ याने त्याआधीच उलट बाजू मांडली होती: रविवार अगदी पहिल्या पिढीचा, पुनरुत्थानानंतरच्या जेवणांतून आलेला.

मला रॉर्डोर्फकडे झुकावेसे वाटते, आणि त्याचे कारण एका भांडणात आहे. ईस्टर कोणत्या दिवशी साजरा करायचा यावरून दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एवढा वाद पेटला की रोमचा बिशप व्हिक्टर आशिया प्रांतातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करायला निघाला होता. पण दर आठवड्याचा रविवार धरावा की नाही यावरून असा वाद झाल्याची नोंद नाही. दूरदूरच्या प्रांतांत ही रीत बिनतक्रार आढळते. रोमने दुसऱ्या शतकात ती नव्याने काढली असती, तर कुणीतरी ओरड केली असती. ज्यूविरोधी वातावरणाने शनिवार लवकर सुटला असेल, रविवार त्यातून जन्मला नाही. शिवाय दोन्ही दिवस धरणारेही होते. चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो, की एबियोनी नावाच्या ज्यू-ख्रिस्ती गटातले काही लोक शब्बाथही पाळत आणि प्रभूचा दिवसही. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये शनिवारचा मान आजतागायत टिकून आहे.

आता सूर्याकडे वळू. रोमन लोकांचा जुना आठवडा आठ दिवसांचा होता आणि तो बाजाराच्या दिवसाभोवती फिरे. आपल्या आठवडे बाजारासारखाच. ग्रहांच्या नावांचा सात दिवसांचा आठवडा ज्योतिषाबरोबर पूर्वेकडून आला. सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या भिंतींवर ग्रहवारांची नावे कोरलेली सापडली आहेत. या नावांमागचे गणित आपल्या पंचांगात अजून जिवंत आहे: होरा. दिवसाच्या चोवीस होरा, प्रत्येकीचा एक ग्रह स्वामी, क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. ज्या ग्रहाची पहिली होरा त्याचा तो वार. रवीपासून मोजायला लागा, चोवीस होरा संपल्या की पंचविसावी चंद्राची येते, म्हणून रविवारनंतर सोमवार. तिथून चोवीस मोजा, मंगळ येतो.

भारतातही हे वार मुळापासूनचे नाहीत. वेदांत ते सापडत नाहीत. वाराचा स्पष्ट उल्लेख असलेला फार जुना कोरीव लेख मध्य प्रदेशातल्या एरण इथला, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, गुप्त संवत् १६५ म्हणजे इसवी सन ४८४ मधला आहे, आणि त्यात गुरुवार आहे. जॉन फ्लीटच्या गुप्तकालीन लेखांच्या संग्रहासाठी तिथी-वारांची गणिते करून देणारा माणूस कोकणातलाच होता, दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. आणि आज घराघरांत भिंतीवर तिथी, वार, ईस्टर, ईद सगळे एका पानावर मांडणारे ‘कालनिर्णय’ १९७३ साली काढले ते जयंत साळगावकरांनी, ते मालवणचे. वारांचा हिशेब ठेवण्यात या किनारपट्टीचा हात बराच आहे.

तर ख्रिस्ती लोकांचा ‘पहिला दिवस’ आणि ग्रहांच्या आठवड्यातला ‘सूर्याचा दिवस’ एकमेकांवर येऊन बसले हा दोन गणनांचा योगायोग. पहिल्या शतकात ग्रहवारांत शनी आधी धरला जाई, सूर्याचा क्रमांक दुसरा. लोकांना योगायोग पटत नाही, तेव्हाही पटला नाही. सन २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन तक्रार करतो, की ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात आणि सूर्याच्या दिवशी आनंद करतात म्हणून त्यांना सूर्यपूजक ठरवले जाते. सम्राट ऑरेलियनने अजिंक्य सूर्याचा राजकीय पंथ उभारला तो २७४ साली. तोवर जस्टिनला जाऊन शंभर वर्षे झाली होती.

आणि रविवार तेव्हाही कामाचाच होता, वर धोक्याचा. डायोक्लेशन बादशहाने ख्रिस्ती सभांवर बंदी घातली असताना ३०४ साली आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावचे ४९ जण रविवारच्या सभेत पकडले गेले. कार्थेजच्या न्यायासनासमोर त्यांनी सांगितले, की प्रभूच्या दिवसाच्या या भोजनाशिवाय आम्हाला जगता येणार नाही. सुट्टी मिळाली म्हणून देवळात गेलेल्या लोकांचे हे बोलणे नव्हे.

सुट्टी आली सतरा वर्षांनी. मार्च ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले: सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांनी विसावा घ्यावा. ख्रिस्ताचे नाव त्यात नाही. बादशहाच्या नाण्यांवर सूर्यदेव आणखी काही वर्षे झळकत राहिला. त्याला दोन्ही प्रजा खूश ठेवायच्या होत्या आणि हा दिवस दोघांना चालणारा होता. पण फर्मानाचा दुसरा भाग अधिक मजेदार आहे. शेतकऱ्यांना त्याने मोकळे सोडले. पेरणीचा किंवा द्राक्षवेलीचा मोसम हुकला तर देवाने दिलेले दान वाया जाईल, म्हणून शेतात काम करायला हरकत नाही. त्याच वर्षी जुलैत आणखी एक कायदा झाला. रविवारी कोर्टाची कामे बंद, मात्र गुलामाला मुक्त करायचे असेल तर ते रविवारीही करता येई.

चार वर्षांनी नायसियाच्या धर्मपरिषदेने रविवारी गुडघे न टेकता उभे राहून प्रार्थना करावी असे ठरवले. लाओदिकियाच्या परिषदेने तर ख्रिस्ती माणसाने शनिवारी बसून राहू नये, काम करावे, असा नियम केला. याचा अर्थ तोवर बरेच जण शनिवारी बसून राहत होते. त्यानंतर रविवारच्या अंगावर शब्बाथची बंधने हळूहळू चढत गेली. फ्रान्समधल्या ऑर्लियान्सच्या परिषदेने ५३८ मध्ये शेतीकाम थांबवायला सांगितले, पण स्वयंपाक आणि प्रवासावर बंदी घालणे हा ज्यू प्रकार आहे असेही बजावले. नवव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आलेल्या बायझंटाइन सम्राट सहाव्या लिओने कॉन्स्टंटाइनने शेतकऱ्यांना दिलेली सवलत काढून घेतली. ज्या दिवसाची सुरुवात काम करून थकलेल्या माणसांनी उजाडण्याआधी केली होती, त्या दिवशी काम करणे आता गुन्हा झाला.

मच्छीमारांनी मात्र वाट काढली. बाराव्या शतकात नॉर्वेच्या त्रोंधाइमच्या आर्चबिशपने पोप तिसऱ्या अलेक्झांडरला विचारले, की आमच्याकडे हेरिंग माशांचे थवे किनाऱ्याला येतात ते वार बघून येत नाहीत, मग काय करावे? पोपने उत्तर दिले: मोठे सण सोडून रविवारी आणि इतर सुट्ट्यांना हेरिंग किनाऱ्याकडे वळले तर जरूर पकडावेत, त्यातला योग्य वाटा चर्चला आणि गरिबांना द्यावा. हे उत्तर पुढे चर्चच्या कायद्याच्या ग्रंथात समाविष्ट झाले. आपल्याकडच्या रापणीला ते जसेच्या तसे लागू पडते. पावसाळा सरला की तारली-बांगड्याचे थवे काठाला येतात, होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोके माणसे ओढतात. थवा दिसला तर तेव्हाच ओढायचा, उद्या तो तिथे नसतो. ओढणाऱ्यांचे वाटे ठरलेले असतात. त्या पोपला रापण माहीत नव्हती, पण तिची अडचण नेमकी कळली होती.

सिंधुदुर्गातला कॅथोलिक रविवार गोव्यातून आला. तिथे पोर्तुगीज सत्तेत तो नुसता उपासनेचा राहिला नाही, राजसत्तेचा झाला. इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालय १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, माणसांच्या घरांतल्या चालीरीतींवर नजर ठेवून होते. तो जाच, कर, लढाया आणि कसायला जमीन मिळेल ही आशा अशा अनेक कारणांनी बार्देशकडची कुटुंबे सावंतवाडी संस्थानात आणि मालवण-वेंगुर्ल्याकडे आली. पण त्याच गोव्याच्या रविवारची दुसरी बाजूही मराठी वाचकाने विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने लिहिलेले अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, आणि रविवारी व सणांना चर्चमध्ये ते वाचले-गायले जाई. मिस्सा लॅटिनमध्ये, कुणाला कळत नसे. नंतरचे पुराण मात्र ओवीत. मिस्सेची भाषा लोकांची व्हायला दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. सिंधुदुर्गाचा वेगळा धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून २००५ मध्ये झाला. आज इथे मिस्सा मराठीत होते, कोकणीतही होते.

वेंगुर्ल्यात रविवार दुसऱ्या दाराने आला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी तिथे काम सुरू केले. डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांनी दवाखाना चालवला, तो सेंट ल्यूक्स रुग्णालय म्हणून कोकणभर ओळखला गेला. त्यांचा वेंगुर्ल्यात १९१९ साली जन्मलेला मुलगा पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. या पंथाची श्रद्धा सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबावर उभी. त्यात रविवारला सरळ ख्रिस्ती शब्बाथ म्हटले आहे आणि दिवसभर कामच नव्हे तर करमणूकही वर्ज्य. कॅथोलिक शेजारी मिस्सा आटोपून फुटबॉल बघायला जाऊ शकत होता, प्रेस्बिटेरियनाला त्यासाठी मनाशी झगडावे लागे. एकाच तालुक्यात रविवारच्या दोन परंपरा नांदत होत्या, आणि दोघांनाही चूक ठरवणारे, शनिवारच खरा म्हणणारे अ‍ॅडव्हेंटिस्ट पुण्यात सॅलिसबरी पार्कला होतेच.

राहिला सुट्टीचा रविवार. तो मालवणी माणसाला चर्चने दिला नाही. एकोणिसाव्या शतकात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते (सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये), आणि मुंबईच्या गिरण्यांना सर्वांत जास्त कामगार याच जिल्ह्याने पुरवले. साहेबाची कचेरी रविवारी बंद असे. गिरणीचा भोंगा वाजतच राहायचा. सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले. त्यात आठवड्याला एक सुट्टी, रविवारची, ही मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच द्या, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे महाराष्ट्रात आवर्जून सांगितले जाते. एप्रिल १८९० च्या मोठ्या सभेत सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. ख्रिस्ती बादशहाने सूर्याच्या नावाने दिलेली सुट्टी ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या देशात खंडोबाच्या नावाने मिळवावी लागली.

आता किनाऱ्यावर हा सुट्टीचा रविवारच उपासनेच्या रविवारच्या आड येतो. तारकर्ली-देवबागला, मालवणच्या धक्क्यावर पर्यटकांची झुंबड उडते ती शनिवार-रविवारी. ज्यांचे घरगुती निवास आहेत, खानावळी आहेत, होड्या आहेत, त्यांना रविवारी सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या कायद्यात यावर तोड आहे: शनिवारी संध्याकाळी घेतलेली मिस्सा रविवारची धरली जाते. त्यामागचा हिशेब शब्बाथचाच, दिवस दिवेलागणीला सुरू होतो हा. त्रोवसच्या माडीवर ज्या वेळी मंडळी जमली असावीत, जवळजवळ त्याच वेळी दिवसभराची भांडी घासून, उद्याच्या पाहुण्यांसाठी वाटण तयार ठेवून एखादे कुटुंब आपला रविवार आदल्या रात्रीच पाळून घेते.